नकाराचे कारण

माझ्यावरच्या खटल्यात एक आकडा असायला हवा होता. तो नाही. त्या दुपारी माझ्या रक्तात किती मद्य होते हे पोलिसांना ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही आणि मलाही नाही. मी मशीनमध्ये फुंकले नाही आणि रुग्णालयात रक्त दिले नाही. बाकी सगळे कागदावर आहे. रविवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. मांडूहून धारला येणारा रस्ता. पांढरी मोटार, चालवणारा पुरुष, वय चोपन्न, शेजारी एक वृद्ध नातेवाईक.

मी देवासला राहतो. तेथील एका हिंदी दैनिकात सव्वीस वर्षे नोकरी झाली, त्यातली एकोणीस गुन्ह्यांच्या पानावर गेली. घरी मराठी आणि कामावर हिंदी, ही आमच्याकडच्या मराठी घरांची जुनी विभागणी. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांच्या बातम्या मी किती लावल्या असतील, सांगता येणार नाही. चार ओळींची बातमी असते. नाव, वय, मोहल्ला, आणि मशीनवर आलेला आकडा.

आमचे घराणे मूळ धारचे, संस्थानच्या नोकरीतले. संस्थान गेल्यावर आजोबा देवासला आले, पण कुळाचा भैरव धारलाच राहिला. मांडूच्या वाटेवर मुख्य रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, एका गव्हाच्या शेताच्या कडेला तो आहे. देऊळ नाही. चौथरा, शेंदराने जाड झालेला दगड आणि वर पत्रा, एवढेच. कार्तिक वद्य अष्टमीला घरच्या पुरुषांनी तेथे जायचे आणि उडदाचे वडे, तेल, शेंदूर आणि दारूची एक पाव बाटली वाहायची, असा कुळाचार आहे. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही. दारूचे नाव वर्षभर कोणी काढत नाही. त्या दिवशी बाटली येते तेव्हाही तिला दारू म्हणत नाहीत. ‘भैरोबाचं’ म्हणतात.

नियम असा आहे. तेथला पुजारी, ज्याला तिकडे भोपा म्हणतात, अर्धी बाटली पणतीने दगडाला पाजतो. उरलेली अर्धी परत देतो. ती घरच्यांनी गावाची शीव ओलांडायच्या आत संपवायची. घरी न्यायची नाही, जमिनीवर ओतायची नाही, परक्याला द्यायची नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही नऊ जण होतो. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पळी आली, शेवटची भोप्याने घेतली आणि बाटली रिकामी झाली. सगळ्यांनी काढा घेतल्यासारखी तोंडे केली आणि वड्यांवर हात मारला. हा नियम नऊ माणसांसाठी आहे असे कोणी कधी म्हटले नव्हते, कारण नऊ माणसे होती.

पुढे चुलतभाऊ पुण्याला गेले, बंगळुरूला गेले, एक परदेशी गेला. ते आता अष्टमीला फोनच्या पडद्यावरून नमस्कार करतात. आदल्या वर्षी आम्ही चौघे होतो. त्या वर्षी दोघेच गेलो, मी आणि माझे काका. काका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि आता हृदयाच्या गोळ्यांवर आहेत. डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे त्यांनी पळीत अनामिका बुडवून ओठांना लावली आणि पळी माझ्याकडे दिली.

“भोपाजी, तुम्हारा हिस्सा,” काका म्हणाले.

भोप्याने गळ्यातली तुळशीची माळ बोटाने वर उचलून दाखवली. “अब नी चले, दासाब. कंठी बांध ली.”

“कधी?”

“सावन में.”

“मग उरलेलं?” मी विचारले.

“तुझं,” काका म्हणाले.

“एवढं? काका, मला गाडी चालवायचीय.”

“मग काय ओतायचं? देवाच्या तोंडचं?”

“भोपाजींकडे ठेवून जाऊ.”

“आजवर ठेवलंय कोणी? डोळे मिट आणि घे. तुझे आजोबा असते तर बाटली धुऊन प्यायले असते.”

अकरा पळ्या झाल्या. मी मोजल्या. पाचवीनंतर चव कळेनाशी झाली. नंतर आम्ही वडे खाल्ले आणि चौथऱ्याच्या पायरीवर पाऊण तास बसलो. मी म्हणालो, अजून तासभर थांबू. काका म्हणाले, “अंधाराच्या आत घर गाठू. समोरच्या गाड्यांचे दिवे मला सोसत नाहीत. तू ठीक दिसतोयस.” मला ठीक वाटतही होते. तो पुरावा नव्हे, हे मला त्या वेळीही ठाऊक होते.

रविवारी मांडू बघून परतणाऱ्या गाड्यांची धारच्या अलीकडे तपासणी असते. हे मला माहीत होते. त्यावर मी बातम्या लावल्या होत्या. लोखंडी अडथळ्यापाशी एका तरुण महिला उपनिरीक्षकाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. काच खाली केल्यावर तिने एकदाच श्वास घेतला आणि मशीन मागवले.

“सर, नई नली है. पैकेट आपके सामने खोल रही हूँ.”

“मैं नहीं फूँकूँगा,” मी म्हणालो.

तिने काचेवरची ‘प्रेस’ची चिकटपट्टी पाहिली. “कारण?”

“कारण कुछ नहीं. इनकार लिख लीजिए.”

मागे उभा असलेला शिपाई म्हणाला, “प्रेसवालों की फूँक भी एक्सक्लूसिव होती है क्या?” बाजूच्या गाडीतले लोक हसले. उपनिरीक्षक हसली नाही. ती मला म्हणाली, “सर, फूँक दीजिए. हो सकता है कम ही आए.” मग वाकून काकांना म्हणाली, “बाबूजी, आप समझाइए इनको.”

काका म्हणाले, “हमारे घर में कोई पीता नहीं, बेटा.” ते त्यांना शंभर टक्के खरे वाटत होते.

मी का फुंकले नाही, हे नंतर चौदा महिने वेगवेगळ्या लोकांनी मला विचारले. उत्तर साधे आहे. बातमीच्या कामात आकडा नसलेली गोष्ट टिकत नाही. आकडा नसला की आम्ही मजकूर मागच्या पानावर टाकतो, किंवा टाकून देतो. मी त्या रस्त्यावर उभा राहून हाच हिशेब केला. आकडा निघाला नाही तर माझ्याविरुद्ध काही उरणार नाही असे मला वाटले. एकोणीस वर्षे त्या कायद्याखालच्या बातम्या लावल्या, पण ते कलम मी एकदाही वाचले नव्हते.

जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी रक्तासाठी विचारले. तेथेही मी नाही म्हणालो, कारण एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा हो म्हणण्यात अर्थ दिसला नाही. डॉक्टरांनी लिहिले: मुखातून मद्याचा वास, बोलणे सुसंगत, चाल स्थिर, रक्त देण्यास नकार. अक्षर चांगले होते. काका बाहेरच्या बाकावर बसून होते. गुन्हा जामिनाचा असल्याने दिवेलागणीला आम्ही सुटलो आणि बसने देवासला गेलो. गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली. लायसन्स मिळाले नाही.

आमचे वकील धारचे आहेत आणि मराठी आहेत. मराठी बोलतात, वाचत नाहीत. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला इंदुरी थाटात ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणतात. त्यांनी पहिल्याच भेटीत ते कलम मला हिंदीत वाचून दाखवले. तपासणीला नकार दिला आणि नकाराचे वाजवी कारण दाखवता आले नाही, तर तो नकारच फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो.

“म्हणजे वासाला बळ?” मी विचारले.

“वासाला, डॉक्टरच्या कागदाला, सगळ्याला. भिया, तुम्ही फुंकलं असतं आणि कमी आलं असतं, तर तिथल्या तिथे मोकळे झाला असता. जास्त आलं असतं तर मशीनवर भांडलो असतो. मशीन कधी तपासलं, नळी कुठली, चार गोष्टी असतात. आता भांडू कशावर?”

“नकाराचं कारण दाखवायचं.”

“कारण काय होतं?”

मी सांगितले. ते खुर्चीत मागे रेलले.

“हे कारण सांगितलं तर प्यायलात हे कबूल होतं. नाही सांगितलं तर नकार तुमच्या अंगावर. कसंही फिरवा, भिंत समोरच आहे.”

गुन्हा कबूल करून दंड भरणे हा सोपा रस्ता होता. माझ्यासारखे दहापैकी नऊ जण तोच घेतात. प्रत्येक पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, मी कोर्टाच्या मागच्या बाकावरून त्यांना पाहत होतो. नाव पुकारले जायचे, “जुर्म कबूल है?”, “जी साहब”, आणि पाच मिनिटांत माणूस बाहेर चहाच्या टपरीवर. मला ते करता येत नव्हते. माझ्या नेमणुकीच्या पत्रात एक अट आहे. फौजदारी खटल्यात दोषी ठरल्यास सेवा समाप्त. सव्वीस वर्षांपूर्वी मी त्याखाली सही केली होती. निवृत्तीला चार वर्षे होती. घरात दुसरी मिळकत नाही.

संपादकांनी मला गुन्ह्यांच्या पानावरून काढून बाजारभाव आणि ‘नगर में आज’ या सदरावर बसवले. ते वाईट माणूस नाहीत. “ऊपर से रोज़ पूछते हैं,” ते म्हणाले. “मैं कहता हूँ, फ़ैसला आने दो. तुम बस बरी हो जाओ.” बरी म्हणजे निर्दोष. त्यानंतर मी रोज सोयाबीनचे आणि लसणाचे भाव लावले, आणि कोठे कोणाचे प्रवचन आहे ते लावले. शेजारच्या टेबलावर नवा मुलगा गुन्ह्यांचे पान करायचा. दारूच्या बातमीशी आला की तो आवाज खाली करायचा. त्याचा हेतू चांगला होता.

धारच्या पेशीला जायचे तर देवासहून इंदूरची बस, इंदूरहून धारची बस. सकाळी सातला निघून साडेदहाला पोचायचे. अकरा पेशी झाल्या. चारदा पुढची तारीख मिळाली, दोनदा वकिलांचे काम बंद होते, एकदा साक्षीदार सरदारपुरात दुसऱ्या कामावर होता. उपनिरीक्षकाची साक्ष सातव्या पेशीला झाली. आमच्या वकिलांनी तिला पाऊण तास विचारले. तिने एकही शब्द वाढवून सांगितला नाही. गाडी वेडीवाकडी चालत होती का? नाही. शिवीगाळ केली का? नाही. मग कशावरून म्हणता? “वास होता, आणि त्यांनी दोनदा नकार दिला. त्यांना मी नवी नळी दाखवली होती.” मी तिची उलटतपासणी घेतली असती तर मलाही यापेक्षा जास्त काही मिळाले नसते. ज्याला दोष द्यावा असा माणूस त्या फाइलमध्ये नव्हता. मी होतो.

वकिलांनी शेवटी एक वाट काढली. आरोपीचे बयान, म्हणजे जबाब, होते तेव्हा मी एवढेच म्हणायचे की नकारामागे धार्मिक कारण होते. त्यानंतर बचावाचा साक्षीदार म्हणून काकांना उभे करायचे. वृद्ध, निवृत्त शिक्षक, कपाळाला गंध. ते कुळाचार सांगतील. दारूचा उल्लेख कोणी करायचा नाही.

तालमीसाठी आम्ही काकांना घेऊन वकिलांच्या घरी गेलो. वकील सरकारी वकिलांच्या जागी बसले.

“काका, समजा त्यांनी विचारलं, आपके भतीजे ने शराब पी थी?”

“नाही. आमच्या घरात दारू कोणी पीत नाही. लिहून घ्या.”

“एकदम बढिया. मग मशीनमध्ये फुंकलं का नाही?”

“भैरोबाचं तीर्थ घेतल्यावर घरी पोचेपर्यंत चूळ भरत नाहीत. थुंकत नाहीत.”

“आणि फुंकत नाहीत.”

काकांनी थोडा विचार केला. “फुंकायचं आजवर कोणी विचारलंच नव्हतं.”

“पण थुंकत नाहीत, तर फुंकणार कसे? एकच झालं ना.”

“एक कसं होईल? शंख फुंकतातच की.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. “बरं. तीर्थ काय होतं, असं विचारलं तर?”

“पाव बाटली आणली होती. अर्धी देवाला, अर्धी याला.”

“काका, एवढं नाही सांगायचं. तीर्थ म्हणायचं, बस.”

“आणि तो म्हणाला, कसलं तीर्थ?”

“म्हणायचं, देवाचं.”

“मी मास्तर होतो हो. मुलानं असं उत्तर दिलं तर मी त्याला पुन्हा उभा करायचो.” काका पुढे सरकले. “आणि एक गोष्ट तुमच्या कागदात राहिलीय. याने आपल्या मनाने नाही घेतली. हा नको म्हणत होता. संपव असं मी म्हटलं. अजून थांबू म्हणत होता, तर निघू असंही मीच म्हटलं. ते माझ्या नावावर लिहा.”

वकिलांच्या आईने काकांना आत फराळाला बोलावले. ते गेल्यावर वकील हळू आवाजात म्हणाले, “भिया, हे कोर्टात बोलले तर काकांवरही केस होऊ शकते. पिऊन गाडी चालवायला लावणं, त्याचंही कलम आहे. सजा तीच.”

“अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसावर?”

“आता ऐंशीला आले. कलमात वय नाही. सरकारी वकील करतीलच असं नाही. पण बयान शपथेवर असेल. करायचं म्हटलं तर सगळं तयार.”

“त्यांना उभंच केलं नाही तर?”

“तर कारण सिद्ध करायला कोण उरलं? तुमच्या एकट्याच्या शब्दावर साहेब मानतील असं मला नाही वाटत.” त्यांनी कागद नीट केले. “काकांना समजवा. शंभर वेळा म्हणून घ्या त्यांच्याकडून. तीर्थ, तीर्थ, तीर्थ.”

मी समजावले. दोन आठवडे रोज संध्याकाळी काकांकडे गेलो. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, “पण त्याने विचारलं तर?” मी चिडलो की ते चहा टाकायला उठायचे. काकू गेल्यापासून चहा तेच करतात. एकदा स्वयंपाकघरातूनच म्हणाले, “तुला नोकरीची काळजी आहे, ते मला कळतं. म्हणूनच म्हणतो, दोष माझ्यावर येऊ दे. माझी कुठली नोकरी जाणार आहे?” त्यांच्यावरही लागू शकणाऱ्या कलमाचे मी त्यांना सांगितले नव्हते. सांगितले असते तर ते जास्तच हट्टाला पेटले असते.

बाराव्या पेशीला आम्ही दोघे निघालो. काकांनी इस्त्रीचा कोट घातला होता आणि काळी टोपी. सकाळी काही खाल्ले नव्हते, साक्ष द्यायची म्हणून. इंदूरला बस बदलताना मी त्यांना केळे दिले, ते त्यांनी खिशात ठेवले. धारच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांनी विचारले,

“मी आयत्या वेळी खोटं बोलेन अशी भीती वाटते का तुला?”

“नाही. खरं बोलाल अशी वाटते.”

“ही काय भाषा झाली?”

मी कंडक्टरला तिकिटाचे पैसे दिले. मग ते म्हणाले, “शपथ देतात ना? हात वर करून?”

“हो.”

“मग झालं तर. मग काय बोलायचं हा प्रश्नच कुठे उरतो?”

कोर्टात आधी आरोपीचे बयान होते. त्याला शपथ नसते. साक्षीदाराला असते. हा फरक मला त्याच सकाळी वकिलांनी सांगितला होता, सहज, दुसऱ्या कशाबद्दल बोलताना. काका दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडे होते आणि मला त्यांची टोपी आणि गुडघ्यावर ठेवलेले दोन्ही हात दिसत होते. पुकारा करणाऱ्याच्या हातात यादी होती आणि तिच्यात त्यांचे नाव होते.

मॅजिस्ट्रेट छापील कागदावरून प्रश्न वाचत होते. गाडी आपण चालवत होता? “जी.” आपल्याला थांबवण्यात आले? “जी.” वास येत होता असे साक्षीदार म्हणतात, आपले म्हणणे काय? वकिलांनी शिकवल्याप्रमाणे मी म्हणालो, मला सांगता येत नाही. नववा प्रश्न आला.

“आपने साँस की और ख़ून की जाँच से इनकार क्यों किया?”

धार्मिक कारण, हे दोन शब्द मला म्हणायचे होते. ते म्हटले की पुढचे नाव काकांचे होते. मी दाराबाहेरच्या टोपीकडे पाहिले. टायपिस्टने मान वर केली.

“मशीन में आ जाएगा, यह डर था,” मी म्हणालो. “मैंने पी थी.”

वकिलांनी टेबलाखाली माझ्या बुटाला बूट लावला. मॅजिस्ट्रेटनी कागद खाली ठेवला.

“सोच-समझकर बोल रहे हैं?”

“जी.”

“किसी ने पिलाई थी? कोई दबाव था?”

“नहीं. अपनी मर्ज़ी से पी, अपनी मर्ज़ी से गाड़ी चलाई.”

त्या फाइलमध्ये एकशे चार पाने आहेत. मी ती सगळी वाचली आहेत. उपनिरीक्षकाची साक्ष खरी आहे, डॉक्टरांचा कागद खरा आहे, पंचनाम्यातले रस्त्याचे माप खरे आहे. खोटे वाक्य एकच आहे आणि ते माझे आहे.

“बचाव साक्ष?” मॅजिस्ट्रेटनी विचारले.

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. “नहीं, साहब.”

निकाल साडेबाराला झाला. दंड, सहा महिने लायसन्स निलंबित आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. पहिला गुन्हा आणि वय पाहून कमी शिक्षा दिली असे निकालात लिहिले आहे. कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे कोठडी नव्हे. त्या दिवशीचे काम संपून मॅजिस्ट्रेट खुर्चीवरून उठेपर्यंत त्याच खोलीत बसून राहायचे, बाहेर जायचे नाही. कायद्याच्या दृष्टीने ती कैदच. नेमणुकीच्या पत्राच्या दृष्टीनेही.

जेवणाच्या सुट्टीआधी काका आत आले.

“माझं नाव कधी पुकारणार?”

“पुकारणार नाहीत, काका.”

“का? तारीख पडली?”

“नाही. गरज पडली नाही.”

“सुटलास?” त्यांचा चेहरा उजळला.

“नाही. पाचपर्यंत इथे बसायचं, मग घरी जायचं. तीच शिक्षा.”

ते माझ्याशेजारी बसले. “काय सांगितलंस तू?”

“प्यायलो म्हणून.”

“ते झालंच. आणि माझं?”

“तुमचं काही आलं नाही.”

“आलं नाही म्हणजे? मी म्हटलं म्हणून घेतलीस हे सांगितलंस की नाही?”

“विचारलं नाही त्यांनी.”

हेही खरे नव्हते. त्यांना ते कळले की नाही, मी सांगू शकत नाही. ते म्हणाले, “मग तू आपणहून सांगायचं. मी सकाळपासून उपाशी बसलोय ते कशाला?” आवाज चढला तसा शिपाई आला. “बाबूजी, आप जा सकते हैं. सज़ा इनकी है.”

“मालूम है,” काका म्हणाले आणि उठले नाहीत.

दुपारभर आम्ही तेथे बसलो. विजेच्या चोरीचा एक खटला चालला, एक पोटगीचा, दोन हाणामारीचे. तिसऱ्या वेळी फोन थरथरला तेव्हा शिपायाने तो बंद करायला लावला. संपादक होते हे मला पडद्यावर दिसले होते. चार वाजता काका बसल्या बसल्या झोपले आणि त्यांची टोपी मी मांडीवर घेतली. पाणी प्यायला उठायची परवानगी मी मागितली नाही. मिळाली असती.

पाच वाजून दहा मिनिटांनी मॅजिस्ट्रेट उठले. सगळे उभे राहिले. रीडरने, म्हणजे कोर्टाच्या फाइली सांभाळणाऱ्या कारकुनाने, मला हातानेच जायची खूण केली आणि कागदांची गठडी बांधायला घेतली. मी काकांना जागे केले. त्यांनी टोपी घातली, कोटाची बटणे लावली आणि दाराकडे न वळता सरळ रीडरच्या टेबलाकडे गेले.

“मेरा बयान रह गया,” ते म्हणाले. “दो लाइन का है. लिख लीजिए.”

“किस केस में, बाबूजी?”

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

“वह तो हो गया. फ़ाइल बंद.”

“खोल लीजिए. मैं शपथ पर बोलूँगा.”

रीडरला घाई होती, पण त्याने ती दाखवली नाही. फाइल पुन्हा उघडता येत नाही, हे तो काकांना नीट समजावून सांगू लागला. काका मध्येच म्हणत होते, “पर किसी ने पूछा ही नहीं.” मी फोन सुरू केला, संपादकांना एका ओळीत निकाल कळवला आणि काकांना टेबलापासून आणायला गेलो.